दोरकोठीमागची खोली

१

झुबैदा घोर्बेलच्या नाकावर माशी बसलेली गोदीत कुणी पाहिली नव्हती. आणि का बसावी? स्फाक्स बंदराच्या त्या बोट-दुरुस्ती आवारात एकाच वस्तूला वेल्डर एक नाव देत, रंगारी दुसरं, नकाशावर फ्रेंच तिसरं असे, आणि केरकेन्ना बेटांवरचे जुने कारागीर कुठल्याशा इटालियन खलाशाकडून उचललेलं चौथंच नाव वापरत. या गोंधळात भलत्याच भिंतीला भोक पडायचं, भलताच नळ उघडायचा. झुबैदानं कित्येक वर्षं घालवून हे सगळे शब्द गोळा केले, पारखले आणि संगणकात एकमेकांना बांधले. शिकलेले लोक त्याला ऑन्टॉलॉजी म्हणत. गोदीतले लोक 'शबका' म्हणत, म्हणजे जाळं. कोळ्यांच्या गावात हाच शब्द बरा होता.

जाळ्यात प्रत्येक शब्द ही एक गाठ होती आणि दोन गाठींमधला दोरा हे नातं. झाकण हा दाराचा एक प्रकार. दार हा भिंतीचा भाग. भिंत खोलीचा भाग, खोली बोटीचा भाग, आणि एक खोली दुसरीत उघडते. या दोऱ्यांवरून चालणारा प्रोग्राम झुबैदानं स्वतः लिहिला होता. त्याला कुठलाही शब्द द्या, तो त्या शब्दाचे आईबाप शोधायचा, मग त्यांचे आईबाप, असं करत थेट 'बोट' या मूळ पूर्वजापर्यंत चढायचा. उतर म्हटलं की खिळ्यापर्यंत उतरायचा. एका गाठीवर दोनदा पाय ठेवायचा नाही, आणि गेलेला परत आला नाही असं कधी झालं नव्हतं.

रोज सकाळी ती आपल्या काचेच्या खोलीत यायची. खाली कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या हौदात, जी बोट उभी असेल तिच्या जाळ्यात प्रोग्राम सोडायची आणि कॉफी गाळायची. कॉफी निवायच्या आत तो सगळी बोट फिरून यायचा. गोदीत पुन्हा पाणी घ्यायची परवानगीही तोच द्यायचा. बोटीच्या पोटात काही उघडं राहिलं असेल, कुणी राहिलं असेल, तर परवानगी मिळायची नाही. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

त्या दिवसांत गोदीत 'अल-जौहरा' नावाची जुनी मालवाहू बोट होती. काम संपत आलं होतं. प्रोग्राम फिरून आला, कॉफी अजून वाफाळत होती, आणि पडद्यावर एक जास्तीची खोली होती.

*अनाम. प्रकार: खोली. भाग: बोटीचा. उघडते: दोरकोठीत.*

झुबैदा हसली. जाळ्यात तिचाच एक नियम होता. दाराला दोन बाजू असतात. एक बाजू नोंदली आणि दुसरी नोंदायची राहिली, तरी दुसरी असतेच. मग प्रोग्रामनं तिथं 'अनाम' अशी गाठ मारून ठेवायची आणि माणसानं सवडीनं तिचं नाव भरायचं. कुणीतरी दोरखंडांच्या कोठीत एक दार मोजलं होतं आणि ते कुठं जातं हे लिहायला विसरलं होतं, एवढंच.

२

"दोरकोठीत दार?" उस्ताद हत्ताब म्हणाला. तो वेल्डरांचा मुकादम, केरकेन्नाचा, पिकल्या मिशांचा. बोटीच्या सावलीत बसून पावात ट्यूना आणि हरिसाची लाल चटणी भरत होता. झुबैदाला तो 'लल्ला' म्हणायचा, म्हणजे ताई. "लल्ला, तिथं जायला डेकवरून एक झाकण आहे. बाकी चारी बाजूंनी भिंती. दार कुठलं काढलंस?"

"मी नाही काढलं. तुमच्या माणसांनी मोजलंय."

"माझी माणसं दोऱ्या मोजतात. दारं मोजत नाहीत." त्यानं पाव दुमडला. "कोठीच्या त्या भिंतीपलीकडे रंगाची कोठी. मधली भिंत या बोटाएवढी जाड. त्यात दार बसवलंस तर ते उघडायचं कुठं, माझ्या पोटात?"

शेजारचे दोघे हसले.

"उस्ताद, पोट बघता जागा भरपूर आहे," झुबैदा म्हणाली.

आता हत्ताबही हसला. "स्फाक्सच्या लोकांना झोपेतसुद्धा काम दिसतं असं ऐकलं होतं. आता दारंही दिसायला लागली."

ती वर आली आणि ते दार जाळ्यातून पुसून टाकलं. दार गेलं की त्याची दुसरी बाजू गेली, आणि बाजू गेली की अनाम खोलीही गेली. हिशेब सरळ होता.

दुसऱ्या दिवशी कॉफी गाळताना तिनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. खोली होती.

या खेपेला दार नव्हतं. हवेचा एक नळ होता. डेकवरून तो खाली शिरत होता, रंगाच्या कोठीत उतरत नव्हता, दोरकोठीतही नाही. नळाला दोन टोकं असतात. दुसऱ्या टोकाला प्रोग्रामनं गाठ मारली होती.

झुबैदानं तो नळ पुसला नाही. दार खिडकी लावून घेतली आणि आपलाच प्रोग्राम ओळ न् ओळ वाचायला बसली. चूक असती तर तिला बरं वाटलं असतं असं कुणी म्हणेल, पण तसं नव्हतं. प्रत्येक निर्दोष ओळीसरशी तिची मान ताठ होत होती. संध्याकाळपर्यंत एकही चूक सापडली नाही. उठताना तिनं सहज त्या अनाम गाठीवर प्रोग्राम ठेवला आणि सांगितलं, उतर.

तिला वाटलं होतं, खाली काही नसेल.

*पलंग. खुंटी. पेला. दार, पलीकडचं. कडी, आतून लावलेली.*

सगळे शब्द तिचेच होते. तिनंच कधीतरी जाळ्यात गुंफलेले. पण या खोलीत ते तिनं ठेवले नव्हते.

आणि त्या शेवटच्या कडीपासून एक दोरा वर जात होता. काही वर्षांपूर्वी टाकी धुणारा एक कामगार आतून झाकण ओढून घेऊन गारव्याला झोपला होता आणि पाणी सोडायच्या क्षणी कुणाच्यातरी लक्षात आलं होतं. तेव्हापासून झुबैदानं जाळ्यात नियम घातला होता: आतून लावलेली कडी कुणीतरी लावलेली असते. प्रोग्राम कडीवरून लावणाऱ्यापर्यंत चढला होता. लावणाऱ्याचा प्रकार लिहिला होता.

*माणूस. एक.*

त्याखाली लाल अक्षरांत: पाणी घेण्यास परवानगी नाही.

३

"चल, दाखवतो तुला," हत्ताब म्हणाला. "नाहीतर म्हणशील, म्हाताऱ्यानं पाहिलंच नाही."

भर दुपार होती. डेकचं लोखंड बुटातून भाजत होतं. दोघं झाकणातून शिडीनं दोरकोठीत उतरली. आत ताग, डांबर आणि जुन्या समुद्राचा वास होता. मागची भिंत नवीच रंगवलेली, पांढरी, सपाट. झुबैदानं तिच्यावरून हात फिरवला. सांधा नाही, बिजागरी नाही. हत्ताबनं पट्टी काढून कोठीची लांबी मोजली, मग रंगाच्या कोठीत जाऊन तिची मोजली, मग वर डेकवर दोन्हींची मिळून मोजली. बेरीज बरोबर जुळली. मधे बोटभर जाडीचं पोलाद सोडलं तर कशालाच जागा नव्हती.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला.

झुबैदानं पुन्हा भिंत चाचपली. प्रोग्राम चुकला होता, हे इथं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मग तिला शरमेऐवजी राग का येत होता?

"उस्ताद, तुम्ही इथंच थांबा. मी पलीकडे जाते. मग भिंतीवर हातोडी मारा."

रंगाची कोठी रिकामी करून धुतलेली होती. ती भिंतीशी कान लावून उभी राहिली. बोटभर पोलाद, पलीकडे मारलेली हातोडी कानात फुटायला हवी.

"मार-तो!" हत्ताबची आरोळी डेकवरून फिरून आली.

मग काहीच नाही. तिला वाटलं, तो थांबला असेल. आणि तेव्हा हातोडीचा आवाज आला, लांबून, मऊ होऊन, कपड्यालत्त्यानं भरलेल्या एखाद्या खोलीतून चालत यावा तसा. भिंतीच्या पोलादात कंप अजिबात नव्हता.

ती परत दोरकोठीत आली तेव्हा हत्ताब हातोडीकडे बघत होता.

"किती वेळा मारलीत?"

"एकदा," तो म्हणाला. "नवा रंग आहे. रंगानं आवाज दबतो."

"एवढा?"

त्यानं हातोडी कमरेला खोचली. थट्टा केली नाही. खरं सांगायचं तर, शिडी चढताना झुबैदाच्या छातीत भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होत होतं. माझं बरोबर होतं, असं ते म्हणत होतं.

४

सी लमजद, म्हणजे लमजदसाहेब, गोदीचे व्यवस्थापक. राजधानीतून आलेले, गोड बोलणारे, घामाचा डाग शर्टाला न लागू देणारे.

"मादाम घोर्बेल, बोटीचे मालक उद्या येतायत. उद्या पाणी घ्यायचंय. आणि तुमचा प्रोग्राम म्हणतो, आत एक गृहस्थ पलंगावर पेला घेऊन बसलेत."

"पलंगावर बसलेत असं म्हणत नाही. आत आहेत असं म्हणतो."

"तुमचा विश्वास आहे?"

"सी लमजद, या जाळ्यानं आजवर एकदा तरी खोटं सांगितलंय?"

"नाही. म्हणून तर मी तुमच्या पाया पडतो. एक नियम काढा. तो कडीचा. एकच दिवस."

"माणूस वाचवायला घातलेला नियम, माणूस सापडल्यावर काढू?"

लमजदनी डोळे मिटून उघडले. "भिंतीत माणूस नसतो हो!"

"मग भिंत कापा. ताटाएवढं भोक पाडा. काही नसेल तर मी स्वतः नियम काढते, आणि मालकांसमोर सांगते की झुबैदा घोर्बेल चुकली."

हे शेवटचं वाक्य ऐकून लमजद तयार झाले. ते ऐकायला ते पगार सोडूनही आले असते.

५

रंगाच्या कोठीत, भोक पडणार त्या जागेसमोर, सी लमजद स्वतः आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे राहिले. दोरकोठीतले दोरखंड बाहेर काढले होते. तिथं हत्ताब आणि झुबैदा. हत्ताबनं खडूनं गोल आखला, चष्मा ओढला आणि कटर पेटवला.

निळी ज्योत गोलावर फिरली. ठिणग्या दोघांच्या पायांवर पडल्या. अखेर गोल सुटला, पलीकडे कलला आणि गेला.

पडल्याचा आवाज आला नाही.

"अहो," भिंतीपलीकडून लमजदांची आरोळी आली, "सुरुवात कधी करताय? इथं साधा चटकासुद्धा लागला नाही भिंतीला!"

हत्ताबनं कटर बंद केला. भोकाच्या लाल कडा हळूहळू काळ्या पडल्या. आतून हवा येत होती. बंद लोखंडाचा वास तिला नव्हता. ओल्या लोकरीचा होता, तंबाखूचा, कुणीतरी बराच काळ राहत असलेल्या खोलीचा.

झुबैदानं दिवा उचलला आणि भोकाशी डोळा नेला.

पलंगाची कड दिसली. खुंटीवर एक कोट. आणि समोर, पलीकडच्या भिंतीत, एक दार, आणि दाराला दोन्ही तळवे आणि कपाळ टेकवून, तिच्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस. लोकरीची बंडी घामानं पाठीला चिकटलेली. कडी लावलेली होती, पण वाकलेली होती. तो दार उघडत नव्हता. सगळं वजन टाकून दाबून धरत होता. पाय अनवाणी होते. ती बघत असताना त्याच्या टाचा लोखंडावरून थोड्या मागं सरकल्या, आणि त्यानं गुडघे वाकवून त्या पुन्हा जागेवर आणल्या.

दारापलीकडून कसलाही आवाज येत नव्हता. धक्के नाहीत, ओरबाडणं नाही.

दिव्याचा उजेड पाठीवर पडलेला त्याला कळला असावा. मान न वळवता त्यानं एक हात दारावरून काढला आणि मागं धरला, पाचही बोटांची टोकं जुळवून, वर. स्फाक्समधली प्रत्येक आई पोराला असंच सांगते: थांब, जरा धीर धर. तेवढ्यात दार केसभर हललं आणि त्याचा हात परत तिथं आदळला.

झुबैदा मागं झाली. हत्ताबनं तिच्या हातातून दिवा घेतला आणि आत पाहिलं. तिच्यापेक्षा खूप जास्त वेळ पाहिलं. मग त्यानं पोलादाचा एक तुकडा शोधला, भोकावर ठेवला आणि वेल्ड केला. इतका नीट सांधा त्यानं कधी घातला नव्हता.

"काय निघालं?" लमजद शिडीवरून वाकून विचारत होते.

"खोली," झुबैदा म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "आणि माणूस. मी सांगितलं होतं तसं."

"उस्ताद?"

हत्ताबनं चष्मा काढला. "मला विचारू नका," तो म्हणाला.

६

वर येऊन तिनं पलीकडचं दार जाळ्यात नीट बांधलं, आणि त्या दारापासून प्रोग्राम सोडला. पुढं काय आहे, चाल.

अनाम. त्यात उघडणारी अनाम. तिच्यापलीकडे अनाम. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. तीच गाठ पुन्हा येत नव्हती. प्रोग्रामला एका गाठीवर दोनदा पाय ठेवता येत नाही, याची सोय तिनंच तर केली होती. कॉफी निवली. संगणकाचा पंखा घरघरायला लागला आणि घरघरतच राहिला. तिच्या हातचा प्रोग्राम पहिल्यांदाच परत आला नव्हता.

तिनं संगणकाची तार ओढून काढली.

दारात हत्ताब उभा होता. केव्हा आला होता कुणास ठाऊक.

"काय म्हणतं तुझं जाळं? त्या दारामागं काय आहे?"

"संपत नाही, उस्ताद."

त्यानं मान हलवली, जणू दर्याचा अंदाज विचारला होता आणि तो अपेक्षेप्रमाणेच निघाला होता. "त्याचे पाय सरकत होते, लल्ला. पाहिलंस?"

"पाहिलं."

"अनवाणी आहे. ओलं लोखंड. अनवाणी पाय टिकत नाही." त्यानं आपल्या जाड तळव्याच्या बुटांकडे पाहिलं. "मी सगळा जन्म पत्रे जोडले. पाणी आत येऊ नये म्हणून. तेवढंच येतं मला. आणि तो तिथं एकटा... आणि आपल्यालाच म्हणतो, धीर धरा."

"त्याला बाहेर काढायला हवं."

"मग दार कोण धरेल?"

झुबैदानं काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"तू हुशार आहेस हं," जाता जाता हत्ताब म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि टोमणा न मारता. "दुसऱ्या कुणीही ती खोली केव्हाच पुसून टाकली असती."

७

झुबैदानं परवानगी दिली नाही. सी लमजदनी दुसऱ्या दिवशी राजधानीतल्या कुणाकडून तरी कडीचा नियम काढवून घेतला, आणि लाल अक्षरं हिरवी झाली. गोदीत पाणी आलं. अल-जौहरा ठोकळ्यांवरून अलगद उचलली गेली, डुलली, तरंगली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. झुबैदा खिडकीत उभी होती. बोटीचा पुढचा निमुळता भाग तिच्या अगदी समोरून गेला, दोरकोठी असलेला. तिनं खिडकीच्या काचेवर तळवा टेकवला होता, हे तिला नंतर लक्षात आलं.

हत्ताब त्या दिवशी कामावर आला नव्हता. त्याची पेटी जागेवर होती, जेवणाचा डबा होता, सदरा खिळ्याला टांगलेला होता. कटर, वेल्डिंगचं सामान आणि जाड तळव्याचे बूट तेवढे नव्हते. घरच्यांना वाटत होतं तो गोदीत आहे. केरकेन्नाला जाणाऱ्या बोटीवर कुणी त्याला पाहिलं नव्हतं. शेवटी लमजदनी अल-जौहराच्या कप्तानाला बिनतारी संदेश पाठवला. कप्तानानं सगळी बोट धुंडाळली. कुणी नाही, असं उत्तर आलं. दोरकोठीही पाहिली का? पाहिली. दोऱ्या आहेत. मागच्या भिंतीला एक जोड आहे, आणि त्याच्या शेजारी दुसरा, जरा मोठा, पलीकडच्या बाजूनं घातलेला. माणूस आरपार जाईल एवढा. काम सुरेख आहे, तुमच्या वेल्डरला सांगा.

तो संदेश घेऊन सी लमजद काचेच्या खोलीत आले. शर्ट पाठीला चिकटलेला होता. झुबैदानं कडीचा नियम परत घातला होता. तिला कुणी अडवलं नव्हतं. लमजद तिच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"विचारा त्याला," ते म्हणाले. "तुमच्या प्रोग्रामला."

तिनं अनाम खोलीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, उतर. पलंग. खुंटी. पेला. प्रोग्राम कडीपाशी आला आणि तिथून वर चढला.

*माणूस. दोन.*

लमजदनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आणि दार?" लमजदनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मादाम, ते पलीकडचं दार?"

झुबैदानं वाचलं. मग ताठ बसली, स्वतःच्या कामाबद्दल सांगताना नेहमी बसायची तशी.

"बंद आहे," ती म्हणाली. "उस्ताद आहेत तिथं."